गुळातलं बेकन

"आता?" तेहमीबाईंनी विचारलं.

"ओल्या गोणपाटासारखा."

"म्हंजे कच्चा. पलटी मारते. आता?"

मी नाकावरचा पदर बोटभर खाली केला आणि लगेच वर घेतला. "आता शेंगदाणे भाजताना येतो तसा. पण मागून काहीतरी खारट येतंय."

"खारटला वास नसते, डिकरी. नीट बघ."

"धुराचा आहे. आपल्या गॅसचा नाही. लग्नघरी मागच्या अंगणात चुलवण पेटवतात ना, लाकडाचं, त्याचा."

"हां! आता खरा बोलली. दे तो गूळ."

बिडाच्या तव्यात बेकनच्या पट्ट्या स्वतःच्याच चरबीत तडतडत होत्या. तेहमीबाईंनी त्यांच्यावर किसलेला गूळ भुरभुरला, वर मिरपूड घातली, वर चमचाभर व्हिनेगर, आणि तवा एकदम फसफसून उठला. मी दोन पावलं मागं सरले.

मी वाईच्या भिक्षुकांची मुलगी. आमच्या घरी चातुर्मासात कांद्यालासुद्धा उंबऱ्याच्या आत प्रवेश नसे. तिथली मी पांचगणीच्या एका पारशी बंगल्यात, डुकराच्या मांसाशेजारी उभी राहून त्याच्या वासाचं वर्णन करत होते. वडिलांनी हे पाहिलं असतं, तर त्यांनी प्रायश्चित्त मला नाही, स्वतःलाच दिलं असतं.

पण वडील काही बघायला येणार नव्हते. मिरजेला माझं लग्न झालं आणि पुढच्या पावसाळ्याआधी मोडलं. तिथं काय बिनसलं ते तेव्हा सांगण्यासारखं नव्हतं, आता आठवण्यासारखं नाही. माहेरी परत आले तर मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की भावजयांचं बोलणं बंद पडे. कोणी वाईट वागलं नाही. ताट वाढत, पाणी देत, आणि गप्प राहत. तेव्हा घाट चढून पांचगणीला आले आणि तिथल्या एका निवासी शाळेत मराठी शिकवायला लागले. टेबललँडच्या कडेवर उभं राहिलं की खाली वाई दिसायची, कृष्णेचं पात्र दिसायचं. मी बघायची आणि परत फिरायची.

शाळेत दिवसभर तोंडाची टकळी चाले. पण चारला शाळा सुटली की दुसऱ्या सकाळपर्यंत माझ्याशी बोलणारं कोणी नव्हतं. पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलं आपापल्या घरी गेली. मी इथंच राहिले. सुट्टीच्या अखेरीस एकदा एसटीच्या कंडक्टरकडं तिकीट मागितलं, तर घशातून भलताच घोगरा आवाज आला. कितीतरी दिवसांत तो वापरलाच नव्हता.

तेहमीबाई माझ्या घरमालकीण. विधवा, साठीच्या पुढच्या, गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक, पायात बारा महिने लोकरीचे मोजे. त्यांच्या नवऱ्याचं बाजारात औषधाचं दुकान होतं. पोटचं मूल नाही. बहीण वारली तेव्हा तिच्या मुलाला, केर्सीला, तेहमीबाईंनीच वाढवलं. तो आता मुंबईला बँकेत होता. सिल्व्हर ओकच्या झाडांखालचा त्यांचा छोटा बंगला, मागच्या बाजूला माझी खोली, खोलीत माझा रॉकेलचा स्टोव्ह. पहिलं वर्षभर आमचं संभाषण 'गुड मॉर्निंग'च्या पुढं गेलं नाही. त्यांच्या स्वयंपाकघरातून रविवारी सकाळी तो वास यायचा आणि मी खिडकी लावून घ्यायची.

मग ऑक्टोबरातली ती संध्याकाळ. शाळेतून आले आणि व्हरांड्यातच गॅसचा भपकारा आला. धावत आत गेले, तर तेहमीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, डोक्यावर रुमाल बांधलेला, एका हातात देवाचा दिवा आणि दुसऱ्या हातात काडेपेटी. मी ती पेटी हिसकावूनच घेतली. बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, त्यांना दंडाला धरून बाहेर ओढत आणलं.

"काय झाला? वेडी झाली काय?"

"गॅस! तुम्हाला वास नाही आला?"

त्यांनी माझ्या हातातून दंड सोडवला. मग व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या.

"मला वासच येत नाय," त्या म्हणाल्या. "गेल्या साली ताप आला, तवा गेला. वाटला, येईल परत. फूल, साबण, मच्छी, सगळा एकसारखा. हवा."

मी त्यांच्याशेजारी बसले.

"केर्सीला नाय सांगायचा," त्या म्हणाल्या. "तो आला तवा मी त्याला नासलेल्या दुधाचा चाय दिला. बोलला, मासी, परत असा काय झाला तर मुंबईला नेणार तुला. तिथं म्हाताऱ्यांचा घर हाय. दहा बाया एका हॉलमधे, सगळ्यांना एक टायमाला चाय. मला मरायचा असेल ना डिकरी, तर मी इथं मरणार, माझ्या चायच्या टायमाला."

"मी नाही सांगणार."

"नक्की?"

"नक्की."

"मग माझा नाक हो," त्या म्हणाल्या.

अशी मी रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात जायला लागले. एरवी रोज संध्याकाळी गॅसचं बटण आणि दूध बघायचं, आणि रविवारी बेकन.

"जिभेवर आता दोघंच पक्के राहिले," त्या सांगायच्या. "गोड आणि खारा. आंबट येते कधी, कडू येते. पण ह्या दोघांचीच लग्नं लावते मी." आणि खरंच लावायच्या. खजुरातली बी काढून आत बदाम घालायचा, भोवती बेकनची पट्टी गुंडाळायची, काडी टोचायची आणि सगळीकडून खमंग तळायचं. कांदा आणि बेकन बारीक चिरून गुळाच्या पाकात तासभर आटवायचं. ते बरणीत भरून ठेवायचं आणि मुरंब्यासारखं टोस्टला लावून खायचं. बटाट्याच्या काचऱ्यांवर बेकन, त्यावर अंडी फोडायची आणि झाकण. स्ट्रॉबेरीचा हंगाम आला की पिचक्या स्ट्रॉबेऱ्या सुद्धा तव्यात जायच्या. पानात घेऊन त्या डोळे मिटून चावायच्या, आणि गोड कुठे संपलं, खारं कुठे सुरू झालं, ते हातानं हवेत दाखवायच्या.

मला त्यांनी एकदाही 'चाख' म्हटलं नाही. मलाही अडचण वाटली नाही. आमच्या घरी नैवेद्य दाखवायच्या आधी जिभेला काही लावायचं नसे; आईनं मला न चाखता स्वयंपाक करायलाच शिकवलं होतं. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. "अरे वा, मग मी तुझा देव काय!"

पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं, "कसा वास येते?" मी पदराआडून म्हटलं, "घाण."

त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "घाण म्हंजे कसा? घाणीमधे पण व्हरायटी असते. नीट सांग."

आणि मी सांगायला लागले. आधी एक शब्द, मग दोन, मग पुरी वाक्यं. आठवडाभर मी रविवारसाठी वास गोळा करायला लागले: खडूच्या भुकटीचा, मुलांच्या ओल्या स्वेटरांचा, नव्या वह्यांचा, घाटात तापलेल्या ब्रेकचा. एका रविवारी बेकन तळता तळता मी त्यांना मिरजेचं सगळं सांगून टाकलं. कोणालाच सांगितलं नव्हतं ते. त्यांनी उलथनं फिरवत ऐकून घेतलं, 'अरेरे' म्हणाल्या नाहीत, उपदेश केला नाही. शेवटी फक्त म्हणाल्या, "आणि आता कसा येते वास?"

एक मात्र होतं. तेहमीबाईंचा रेडिओ दिवसभर चालू असे, पण तवा तापला की तो बंद. मी बोलत असायची आणि त्या मान तिरकी करून उभ्या असायच्या. कधी कधी मी सांगायच्या आधीच त्यांचं उलथनं पट्टीखाली शिरे. मला वाटायचं, जुना हात आहे.

जानेवारीत पुण्याच्या एका मुलींच्या शाळेचं पत्र आलं. मी मागं कधीतरी अर्ज केला होता तो मंजूर झाला होता. कायमची नोकरी, शाळेच्या आवारातच राहायची सोय, जूनमध्ये रुजू व्हायचं. पत्र वाचून मी चार दिवस उशाखाली ठेवलं आणि पाचव्या दिवशी नकार कळवून टाकला. तेहमीबाईंना नोकरीबद्दल माहीत होतं. त्यांना म्हटलं, जागा भरली.

मी गेले असते तर गॅसचं बटण कोण बघणार होतं? पण हे अर्धंच खरं. मी गेले असते तर मला तरी कोण विचारणार होतं, "आता?"

फेब्रुवारीत तेहमीबाईंचा वाढदिवस होता आणि त्या दिवशी केर्सी येणार होता. मुक्कामाला नव्हे, दिवसभर. त्यानं फोनवर सांगितलं होतं, "मासी, तू सगळं नीट करतेस का ते एकदा बघून जातो." तेहमीबाईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "परीक्षा हाय."

तो समोर बसला असताना मला 'आता गोणपाट, आता शेंगदाणे' म्हणता येणार नव्हतं. तेव्हा पदराची खूण ठरली. मी शाकाहारी बामणाची पोर, नाकाला पदर लावून उभी राहिले तर कोणाला नवल वाटणार नव्हतं. पदर नाकावर असेपर्यंत पदार्थ कच्चा. पदर खाली पडला की तयार, उतरवायचा. आठवडाभर तालीम केली. तेहमीबाईंना त्यात एवढी मजा वाटत होती की मधूनच त्या उगाच म्हणायच्या, "पाड, पाड पदर, केर्सी बघते!"

वाढदिवसाच्या सकाळी दारात चुन्याच्या ठशांची रांगोळी उठवली, शेवया आणि गोड दही झालं. दहाच्या सुमाराला केर्सीची गाडी आली. उंच, थोराड, टक्कल पडत चाललेला आणि चांगला माणूस. हे आधीच सांगते, कारण अशा गोष्टीत त्याला वाईट ठरवणं फार सोपं आहे. त्यानं मासीला कवेत घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग तिच्या हातात मुंबईहून आणलेलं बेकनचं पुडकं दिलं, मला 'गुड मॉर्निंग टीचर' म्हणाला आणि स्वयंपाकघरातच खुर्ची ओढून बसला.

"इथंच बसतो, मासी. लहानपणी बसायचो तसा."

बसला, पण डोळे फिरत होते. पाणी पिण्याच्या निमित्तानं फ्रिज उघडला आणि दुधाचं पातेलं नाकाशी धरलं. दूध मी सकाळीच आणलं होतं. गॅसच्या बटणांवरून बोट फिरवलं. जुना डाग दिसला म्हणून ओट्याचा कोपरा नखानं खरवडला. मग फळीवरचा रेडिओ लावला.

"बंद कर तो," तेहमीबाई म्हणाल्या. "बेकन तळताना नाय."

आधी खजूर. मी मोरीपाशी पदर लावून उभी. तूप सुटल्यासारखी चरबी सुटली, गोणपाट गेलं, शेंगदाणे आले, मग चुलवण. मी पदर सोडला. तेहमीबाईंनी तेवढ्यात चिमट्यानं एकेक खजूर उचलून ताटलीत ठेवला. केर्सीनं पहिला तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"अगदी तेच," तो म्हणाला. "मासी, अगदी तेच."

मग बटाट्यावरची अंडी. तीही बरोबर उतरली. त्यानं पाव मागून घेऊन ताटली पुसून खाल्ली. मग हात धुऊन आला, आम्ही दोघी टेबलाशी टेकलो होतो तिथं खुर्चीवर मागं रेलला आणि पहिल्यांदाच त्याचे खांदे सैल झालेले दिसले.

"मासी, खरं सांगू? मुंबईला मी एक जागा बघून ठेवली होती. पैसेसुद्धा भरणार होतो उद्या. राहू दे ते. तू इथंच बरी आहेस. मीच उगाच घाबरलो."

"मी बोलली नव्हती?" तेहमीबाई म्हणाल्या आणि टेबलाखालून त्यांच्या लोकरी मोज्यानं माझ्या पायाला एक ढुशी दिली. मला हसू आवरेना म्हणून मी ताटल्या उचलायला लागले. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. मुलीला पास झाल्यावर होतो तसा, खुळा, उड्या मारण्यासारखा आनंद.

"आणि टीचर आहेतच सोबतीला," केर्सी पुढं म्हणाला. त्याला मलाही काहीतरी चांगलं म्हणायचं होतं. "येताना तुमच्या प्रिन्सिपॉल मिस सायमन भेटल्या पेट्रोलपंपावर. म्हणाल्या, पुण्याची पक्की नोकरी चालून आली होती, तुम्ही नको म्हणालात. पुन्हा विचारा म्हणून पुण्याहून त्यांना फोनसुद्धा आला होता. पांचगणीची हवा इतकी आवडली?"

"कोणची नोकरी?" तेहमीबाईंनी विचारलं.

"ती मुलींची शाळा, पुण्याची."

"तू बोलली जागा भरली."

मी ताटल्या मोरीत ठेवल्या. "केळी चिरू का? गोडाचं राहिलंय."

त्या माझ्याकडं बघत होत्या. मी मान वर केली नाही, पण ते कळत होतं.

"चिर," त्या म्हणाल्या.

गुळातली केळी हा केर्सीचा पदार्थ. आई गेल्यावर तो या घरात आला तेव्हा काहीच खात नव्हता. तेव्हा मासीनं त्याच्यासाठी हे पहिल्यांदा केलं होतं. तव्यात लोणी, लोण्यात गूळ, गूळ विरघळला की लांब चिरलेली केळी, आणि उतरवताना वर कुरकुरीत बेकनचा चुरा. सोपा पदार्थ, पण क्षणाचा.

तेहमीबाई तव्यापाशी उभ्या राहिल्या. मी माझ्या जागी, नाकाला पदर. गूळ विरघळला, रटरटायला लागला. केळी गेली. सणाच्या दिवशी पाकात वेलदोडा पडायच्या जरा आधी जो वास घरभर होतो, तो आला. मी पदर सोडला.

तेहमीबाई हलल्या नाहीत.

खिडकीतलं ऊन सरळ त्यांच्या चष्म्यावर पडलं होतं. नुसत्या दोन पांढऱ्या चकत्या दिसत होत्या. तोंड माझ्याकडं होतं की माझ्यामागच्या भिंतीकडं, ते समजेना. मी पदर पुन्हा वर घेतला आणि पुन्हा, चांगला झटकून, खाली सोडला. खोकले. मोरीतलं एक पातेलं मुद्दाम आपटलं. केर्सी बेकनची एक पट्टी चघळत वर्तमानपत्र चाळत होता. आणि मग तो वास आला, दिव्याची वात विझल्यावर येतो तसा, आणि त्याच्यामागोमाग काळा धूर.

"मासी! करपतंय!" केर्सीनं झेप घेऊन गॅस बंद केला. तव्यात काळ्या चिकट डबक्यात केळी बुडाली होती. "तुझ्या नाकाखाली जळतंय! तुला वास नाही आला?"

तेहमीबाईंनी उलथनं ओट्यावर ठेवलं. चष्मा काढला, फ्रॉकच्या टोकानं पुसला.

"नाय आला, केर्सी. मला वासच येत नाय. तो ताप आला होता ना, तवापासून."

"असं काय बोलताय!" मी म्हटलं. "यांना सर्दी झालीय हो, दोन दिवस झाले..."

"गप बस, मंदा."

एरवी त्या मला डिकरी म्हणायच्या. माझं नाव त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं. गॅसचं, काडेपेटीचं, माझं, अगदी पदराचंसुद्धा. काही राखून ठेवलं नाही. केर्सी ऐकता ऐकता खाली बसला आणि त्यानं चेहरा तळहातांत झाकून घेतला.

"मी असते ना इथं," मी म्हटलं. "मी रोज बघते."

"आणि शाळेत असता तेव्हा, टीचर?"

त्याचं काही चुकत नव्हतं.

होळीच्या सुमारास तो त्यांना न्यायला आला. दोन ट्रंका, एक फुलांची कुंडी आणि देवाचा दिवा. गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली.

"पुण्याला लिही. जागा भरली नाय अजून. मी मिस सायमनला विचारला."

मी लिहिलं आणि जूनमध्ये पुण्याला गेले. पण ती केळी माझ्या मनातून जाईनात. त्या खिडकीला साधा पडदा असता, चष्म्यावर ऊन पडलं नसतं, तर त्यांना पदर दिसला असता. मग त्या त्यांच्या घरी राहिल्या असत्या आणि मी माझ्या. रात्री पडल्या पडल्या मी त्या खिडकीला शिव्या द्यायची.

पुढच्या नाताळच्या सुट्टीत मी त्यांना भेटायला मुंबईला जायचं ठरवलं. रिकाम्या हातानं कसं जायचं? कॅम्पातल्या एका दुकानातून बेकन आणलं. दुकानदारानं माझ्या कपाळाकडं बघून दोनदा विचारलं, 'नक्की हेच हवंय ना?' माझ्या स्वतःच्या स्टोव्हवर, स्वतःच्या तव्यात तळलं. पदर कमरेला खोचला होता. सवयीनं मोठ्यानं म्हणून गेले, "आता शेंगदाणे." आणि थांबले. कोणीतरी 'हां' म्हणेल म्हणून थांबले.

म्हाताऱ्यांच्या त्या घरात खरंच एका हॉलमध्ये दहा खाटा होत्या. तेहमीबाई खिडकीशी बसल्या होत्या, बारीक झालेल्या, पायात तेच लोकरी मोजे. मला बघून त्यांनी दोन्ही हात पसरले. मग डब्याकडं बघितलं.

"काय हाय?"

"गुळातलं बेकन. मी केलं."

त्यांनी एक पट्टी उचलली, डोळे मिटून चावली. हात हवेत फिरला, गोड इथवर, खारं इथून. "गूळ जरा कमी. पण लग्न बराबर लागला." मग म्हणाल्या, "इथं कसा वास येते, डिकरी? कोण सांगतच नाय मला."

मी सांगितलं. फिनेल, उकडलेली अंडी, कोणाच्या तरी पायाला लावलेला बाम, आणि खिडकीतून चाफा. त्या ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा बघून मला राहवेना.

"तेहमीबाई, त्या दिवशी मी पदर सोडला होता. वेळेवर सोडला होता. तुमच्या चष्म्यावर ऊन होतं, तुम्हाला दिसलाच नाही."

"दिसला ना. दोनदा पाडला. मग भांडा आपटला. मी काय आंधळी हाय?"

मी हातातलं डब्याचं झाकण खाली ठेवलं.

"आणि पदर कशाला पायजे? ऐकू येत नाय काय मला? कच्चा बेकन भांडते, तडतड तडतड. त्यातला पाणी संपला की कुजबुज करते. तवा पलटी मारायची. चाळीस वरस बेकन तळते मी, नाक लागते काय त्याला? आणि गूळ तर सगळा सांगते. आधी जल्दी जल्दी बोलते, मग हळू. आणि जळायच्या आधी एकदम गप होते."

"मग..." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मग दर रविवारी मला कशाला विचारायचात? आता? आता?"

त्यांनी डब्यातली दुसरी पट्टी उचलली, पण खाल्ली नाही.

"तू माझ्या घरी आली तवा गप होती, डिकरी," त्या म्हणाल्या. "एक साल मी भिंतीच्या पलीकडून ऐकला. स्टोव्हचा आवाज, बादलीचा आवाज. तुझा काय नाय."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. तेहमीबाई माझ्या पाठीवर थोपटत होत्या, गुळाचे चिकट हात तसेच.

"म्हाताऱ्या बाईच्या तव्यापाशी पोरीनं जन्म काढायचा नसते," त्या म्हणाल्या. "म्हणून जाळला केळा. आता पुण्याला मैत्रिणी झाल्या ना तुला? बोलायला कोण असते ना?"

"आहेत ना," मी म्हटलं. "खूप आहेत."

त्यांनी मान तिरकी केली, तव्यापाशी करायच्या तशी, आणि क्षणभर तशाच राहिल्या. मग ती पट्टी तोंडात टाकली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्या गेल्या. केर्सीनं फोन केला. म्हणाला, चहाच्या वेळेला गेल्या, पण त्या घराच्या चहाच्या वेळेला.

मी पुण्यातच राहिले. मुख्याध्यापिका झाले, निवृत्त झाले. लग्न पुन्हा केलं नाही. कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारू दिलं नाही. बेकन त्यानंतर घरात आणलं नाही. वरण-भात, पालेभाजी, माझं आपलं साधं असतं. पण अजूनही फोडणी घालताना मी मोठ्यानं सांगते, आता मोहरी, आता हिंग, आता जिरं लाल झालं. सांगून थोडी थांबते. मग गॅस बंद करते.